होडीतून किनारादर्शन : मालवण ते कर्ली खाडी

खरिपाचे धान्य घरात आले आणि रब्बीच्या पेरण्या उरकल्या म्हणजे शेतकरी कुटुंबास वर्षातील थोडीशी उसंत मिळते. अलीकडे देशावरील पुष्कळ मंडळी या दिवसांत कोकणकिनाऱ्याकडे सहलीस जाऊ लागली आहेत. समुद्र पाहावा, पुळणीवर थोडे फिरावे, मासळीचे जेवण घ्यावे आणि परत यावे असा सर्वसाधारण प्रघात आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु किनाऱ्यावर उभे राहून समुद्र दिसतो, किनारा दिसत नाही. बांधावर उभ्या असलेल्या माणसास बांधाची उंची व लांबी नीट उमगत नाही, ती शेतात उतरून मागे वळून पाहिल्यावर कळते. किनाऱ्याचेही तसेच आहे. तो पाहावयाचा असेल तर होडीत बसून थोडे आत जावे आणि जमिनीकडे तोंड करावे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी पुस्तकांतून सामान्यतः ७२० किलोमीटर दिली जाते. खाड्या-आखातांची बारीक वाकणे हिशेबात घेऊन अलीकडे झालेल्या मोजणीत ती ८७७ किलोमीटरांवर गेली आहे. एवढ्या लांबीत होडीची सहल करण्याजोग्या जागा अनेक आहेत. त्यांपैकी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण बंदरापासून दक्षिणेस कर्ली नदीच्या मुखापर्यंतचा टापू येथे विचारासाठी घेतला आहे. जलदुर्ग, खडक, पुळण, वाळूची जिव्हा, खाडी आणि कांदळवन हे सर्व तेथे काही तासांच्या अंतरात पाहावयास मिळते.

काळ व वेळ

सहलीचा योग्य काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा होय. मार्चनंतर वारे व लाटा वाढू लागतात. साधारणतः मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्यांची वाहतूक बंद ठेवण्यात येते, आणि १ जून ते ३१ जुलै हा पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारीचाही बंदीकाळ आहे. या दिवसांत कोणी आग्रह केला, पैसे कमी सांगितले, तरी होडीत पाय ठेवू नये.

दिवसातील वेळ सकाळची घ्यावी. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारा वाहतो. त्यामुळे किनाऱ्याजवळचे पाणी बहुधा शांत असते. ऊन चढले की जमीन तापते, खारा वारा सुरू होतो आणि दुपारी दोनतीनच्या सुमारास पाण्यावर आखूड, खडबडीत लाटा उठतात. ज्यांनी पूर्वी कधी होडीचा प्रवास केला नाही त्यांस मळमळण्याचा त्रास होतो तो प्रायः याच वेळी. सकाळी सातला निघून अकरापर्यंत परत यावे, असा बेत ठेवल्यास वृद्ध माणसे व मुले यांनाही प्रवास सुखाचा होतो. निघण्यापूर्वी पोट रिकामे नसावे, तसेच ते तुडुंबही नसावे. होडीच्या मध्यभागी बसावे व नजर दूर क्षितिजावर ठेवावी.

वेळ ठरविताना घड्याळाबरोबर पंचांगही पाहावे लागते. समुद्रास सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून किंचित अधिक पुढे सरकते. यावरूनच किनाऱ्यावरील लोकांनी तिथीची पाऊणपट करण्याचा आडाखा बसविला आहे. चतुर्थीस चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीस सहाच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. मुंबईच्या बाजूस हा हिशेब चांगला जुळतो. मालवणकडे भरती त्याहून काहीशी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती असते व पाण्याची चढउतार मोठी होते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते व ती बेताची होते. मुंबईस उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीतील फरक चार मीटरांवर जातो. मालवणच्या बाजूस तो दोन मीटरांच्या आसपास असतो.

हा हिशेब नवख्या माणसाने का शिकावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण खाडीच्या तोंडाशी आहे. ओहोटीच्या वेळी खाडीतील पाणी जोराने बाहेर पडत असते आणि समुद्राच्या लाटा आत येत असतात. ही दोन पाणी जेथे समोरासमोर भिडतात तेथे, उथळ वाळूवर, लाट एकाएकी उभी राहते व फुटते. बाहेर पाणी शांत दिसत असतानाही मुखाशी होडी आडवी होण्याचा संभव असतो. चढत्या पाण्यावर हा धोका पुष्कळ कमी होतो. त्रयोदशीपासून पुढच्या पक्षाच्या द्वितीयेपर्यंत सकाळच्या वेळी पाणी चढते मिळते. मात्र उधाणामुळे प्रवाह ओढीचा असतो हे ध्यानात ठेवावे. शेवटचा शब्द नाखवाचा समजावा. त्याने ‘आज मुखाबाहेर नको’ असे सांगितले तर वाद न घालता खाडीतच फिरून परतावे.

बंदर, किल्ला व खडक

मालवण बंदरातून सिंधुदुर्ग किल्ल्यास होडीने जाण्यास थोडीच मिनिटे लागतात. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या दुर्गाच्या बांधकामास आरंभ केला व १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर सुमारे ४८ एकर क्षेत्रास तटाने वेढले आहे. पायाच्या दगडांत शिसे ओतलेले आहे. तटाची रेषा सरळ नसून बेटाच्या कडेप्रमाणे नागमोडी गेलेली आहे, आणि दरवाजा तर अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. होडीतून जाताना ही गोष्ट मुलांस अवश्य दाखवावी; पायी जाणाऱ्यास ती कधीच कळणार नाही. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चहूबाजूंस खारे पाणी असता मध्ये गोडे पाणी टिकते, याविषयी पुढे अधिक लिहिले आहे.

किल्ल्याच्या भोवतालचे पाणी साधे नव्हे. १३ एप्रिल १९८७ रोजी येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. त्यातील ३.१८ चौरस किलोमीटरांच्या गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग, पद्मगड व आसपासचे खडक येतात. या खडकांवर पाण्याखाली प्रवाळ आहेत. प्रवाळ दिसावयास दगडासारखे असले तरी ते अतिशय सूक्ष्म जीवांनी बांधलेले घर आहे व त्याची वाढ फार मंद असते. होडीचा नांगर त्यावर पडला अथवा पाण्यात उतरलेल्या माणसाने त्यावर पाय टेकला तर अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते. मासळीची पिले याच खडकांच्या आश्रयाने वाढतात. येथे मोडलेल्या प्रवाळाची किंमत आज ना उद्या रापण ओढणाऱ्याच्या जाळ्यात कमी झालेल्या मासळीने मोजावी लागते. नांगर वाळूवर टाकावा, किंवा नांगर न टाकता होडी वल्ह्याने धरून ठेवावी, असे प्रवाशांनीच नाखवास सुचविण्यास हरकत नाही.

वाळूचा बांध

मालवणहून दक्षिणेस निघाले की दांडी, वायरी व तारकर्लीची पुळण डाव्या हातास राहते. पांढुरकी वाळू, तिच्यामागे सुरूची झाडे व माडांची दाट रांग, आणि माडांतून डोकावणारी कौले असा देखावा दिसतो. मनुष्य त्या शोभेत रमून जातो हे खरे. परंतु शेतकऱ्याच्या नजरेने पाहिल्यास तेथे अधिक काही दिसेल. तारकर्लीच्या पुढे देवबाग हे गाव एका अरुंद वाळूच्या जिव्हेवर वसलेले आहे. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस कर्लीची खाडी, आणि मधल्या पट्टीत घरे, माड, विहिरी व रस्ता. होडी मुखातून आत शिरली की पाचदहा मिनिटांत या पट्टीच्या दोन्ही बाजू पाहून होतात. तेव्हा ती किती बारीक आहे याचा प्रत्यय येतो, आणि जाणत्या माणसाच्या मनात थोडी धास्तीही उत्पन्न होते.

ही पट्टी हा वाळूचा बांधच होय. तो निसर्गाने घातला आहे आणि दरवर्षी तोच त्याची डागडुजी करतो. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीवरील वाळू ओढून आत पाण्याखाली नेतात. हिवाळ्यातील सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. नद्या डोंगरातून नवी वाळू आणतात. जमाखर्च बरोबर असेपर्यंत किनारा जागेवर राहतो. नदीतून येणारी आवक धरणांनी अडली, खाडीतील वाळूचा उपसा बेसुमार झाला, किंवा पुळणीवरील मर्यादवेल व केवड्याची बने साफ करून तेथे बांधकामे झाली, तर खर्च जमेहून वाढतो आणि किनारा मागे हटू लागतो. देवबागेस समुद्राच्या धुपेचा त्रास आहे. तेथे दगडांचे बंधारे घातलेले होडीतून दिसतात. अशा बंधाऱ्याने मागचे घर काही काळ वाचते. परंतु भिंतीवर आपटून परतणारी लाट समोरची वाळू अधिक खरवडते, आणि भिंत जेथे संपते तेथे धूप पुढे सरकते. केवळ दगडांवर भिस्त ठेवणे हिताचे नाही, असे या लेखकास वाटते. मर्यादवेल ही साधी वेल आहे, पण तिची मुळे वाळू धरून ठेवतात. आपल्याकडे समपातळी बांधावर गवत लावतात ते ज्या कारणासाठी, तेच येथेही आहे. पुळणीवर तिला तुडवीत गाड्या नेऊ नयेत.

खाडीच्या मुखाजवळ वाळूचे एक बेट ओहोटीस उघडे पडते. २००४च्या सुनामीनंतर ते वर आले असे सांगतात व त्यास लोक ‘सुनामी बेट’ म्हणतात. मुखाशी वाळूच्या अशा चरा उगवणे व सरकणे हे मुळातच चालू असते. त्या बेटावर आता पाण्यातील खेळांची गर्दी असते. उतरावयाचे असल्यास भरतीची वेळ विचारून उतरावे.

आता विहिरींविषयी. वाळूच्या अशा पट्टीत पडणारा पाऊस खाली मुरतो आणि जमिनीतील खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडे पाणी खाऱ्याहून हलके असते. भूजलशास्त्राचा ढोबळ नियम असा आहे की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ फूट वर असेल तर त्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. हा नियम उलटही चालतो. उपसा करून पातळी १ फूट खाली आणली की खालून खारे पाणी ४० फुटांपर्यंत वर चढू पाहते. रहाटाने किंवा लाटेने पाणी काढीत तोवर हा प्रश्न उद्भवत नसे. निवासाच्या खोल्या वाढल्या, प्रत्येक खोलीस स्नानगृह आले व विहिरीवर विजेचे पंप बसले, म्हणजे हिशेब बदलतो. एकदा खारट झालेली विहीर गोडी होण्यास अनेक पावसाळे लागतात, आणि तोवर माडाची फळे लहान पडतात, सुपारी वाळते. देशावरून आलेल्या पाहुण्यास पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. त्याने येथेही आपल्या गावातल्याप्रमाणेच बादलीने स्नान करावे. किनाऱ्यावरील बागायतदारांनी आपल्या विहिरीचे पाणी मार्च व मे महिन्यांत तपासून घ्यावे, आणि पंप अखंड न चालविता थोडा थोडा वेळ चालवावा.

कांदळवन

कर्ली खाडीत आत गेल्यावर लाटांचा आवाज थांबतो. यंत्र बंद करून नुसत्या वल्ह्यावर होडी चालविण्यास येथे नाखवास सांगावे. दोन्ही काठांस चिखलात उभी असलेली झाडे दिसतात ती कांदळवने. कांदळाच्या खोडापासून कमानीसारखी आधारमुळे सुटून चिखलात रोवलेली असतात. तिवराची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी सरळ वर येतात. चिखलात हवा नसते म्हणून झाड ती अशी वर काढते. पाणी अर्धे उतरलेले असेल तर ही मुळे उत्तम दिसतात. तिवराच्या पानावरून बोट फिरवून जिभेस लावावे. झाडाने बाहेर टाकलेले मीठ लागेल. कांदळाचे बी झाडावरच रुजते, वीतभर किंवा अधिक लांब वाढते आणि मग खाली पडून चिखलात उभे रुततें अथवा पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे मूळ धरते. रोपवाटिकेत आपण जे काम पिशव्या भरून करतो ते हे झाड स्वतःच्या फांदीवर करते. पांढरी चिपी ही याच कुळाचाराची वनस्पती. २०२० साली तिला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान देण्यात आला.

पूर्वी ही झाडे सरपणास तोडीत व खाजणाचा हा भाग पडीत समजत. वास्तविक खाडीकाठच्या भातशेतीचा हा पहिला बांध आहे. उधाणाची लाट प्रथम या मुळांवर मोडते व मग खारबांधापर्यंत येते. जेथे बांधासमोरची तिवरे शाबूत आहेत तेथे खारबांधास भगदाड पडण्याचा धोका कमी असतो, आणि जेथे ती तोडली गेली तेथे उधाणाचे पाणी थेट मातीच्या बांधावर आपटते. एकदा खारे पाणी शेतात शिरले की पुढील हंगाम धोक्यात येतो. अशा जमिनीसाठी पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत हे खरे. तथापि जात कितीही चांगली असली तरी ती फुटलेल्या बांधाची जागा घेऊ शकत नाही. वेगाने जाणाऱ्या यांत्रिक होडीच्या लाटाही या काठांस झिजवितात. खाडीत होडी सावकाश चालविण्याचा आग्रह धरावा तो याकरिता.

गादा

प्रवाशांची सर्वांत अधिक उत्सुकता डॉल्फिन पाहण्याची असते. या किनाऱ्यावर दिसणारा पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन उथळ पाण्यातच, किनाऱ्यापासून फार दूर न जाता राहतो. येथील मच्छीमार त्यास गादा म्हणतात. तो मासा नव्हे. पिलास दूध पाजणारा, श्वासासाठी वर येणारा प्राणी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्यास संरक्षण आहे. सकाळी खाडीच्या मुखाबाहेर, निवतीच्या पिवळसर कड्यांच्या दिशेने, त्याची पाठ पाण्याबाहेर येऊन पुन्हा बुडताना दिसते. तो दिसताच चारपाच होड्या चहूकडून धाव घेतात व त्यास घेरतात, ही गोष्ट खेदाची आहे. घेरलेला प्राणी खाणे टाकून पळत सुटतो, पिलू मागे पडते, आणि असे रोज घडू लागले तर तो ती जागा सोडून देतो. मग ज्याच्या जिवावर धंदा चालतो तोच नाहीसा होतो. होडी बाजूने, मंद गतीने न्यावी. पन्नास मीटरांवर यंत्र थांबवावे आणि स्वस्थ बसावे. पुष्कळ वेळा तो आपण होऊनच जवळ येतो. न दिसल्यास नाखवाकडे पैसे परत मागू नयेत. त्या मागणीपायीच त्यास पाठलाग करावा लागतो.

होडीत पाय ठेवण्यापूर्वी

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ २० पर्यटकांस घेऊन परतणारी होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीस निघालेल्या प्रवासी होडीवर नौदलाची वेगवान नौका आदळून डझनाहून अधिक माणसे दगावली. किनारा डोळ्यांसमोर दिसत असता माणसे बुडतात, हे या दोन्ही घटनांवरून ध्यानात यावे.

होडीची नोंदणी व तिच्यावर लिहिलेली प्रवाशांची मर्यादा प्रथम पाहावी. मर्यादेत मुलांचीही गणना होते; ‘लहान आहे, मांडीवर बसेल’ हे म्हणणे एस. टी.च्या गाडीत चालत असेल, पाण्यावर चालत नाही. प्रत्येकास जीवरक्षक जाकीट मिळाल्याशिवाय होडी सोडू देऊ नये. ते अंगात घालून सर्व बंद आवळून बांधावे. मुलास मोठ्याचे जाकीट दिल्यास पाण्यात ते वर सरकून डोक्यावरून निघून जाते, म्हणून त्याच्या मापाचेच मागावे. उकडते म्हणून ते काढून बाकाखाली ठेवणारे बरेच आढळतात. उलटलेल्या होडीखाली ते शोधण्यास सवड मिळत नाही.

दुसरी गोष्ट उभे राहण्याची. कडब्याची गाडी उंच भरली की थोड्या कललेल्या रस्त्यावरही ती उलटते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. होडीतील माणसे उभी राहिली की तिचा भार तसाच वर जातो. आणि डॉल्फिन दिसला म्हणून सर्व मंडळी एकाच बाजूस धावली तर गाडी उलटण्यास जेवढा वेळ लागतो तेवढाही येथे लागत नाही. छायाचित्र बसूनच काढावे. ज्या नाखवाने मद्य घेतले आहे अशी शंका येईल त्याच्या होडीत बसू नये, मग भाडे आगाऊ दिलेले असले तरीही.

निवतीच्या समोर खोल समुद्रात दीपगृह असलेले वेंगुर्ल्याचे खडक आहेत. तेथील गुहांत पाकोळ्यांची वसती आहे. ते अंतर लहान होडीचे नव्हे, आणि पक्ष्यांच्या दृष्टीनेही तेथे गर्दी नसलेली बरी.

किनाऱ्यावरील वाचकांसाठी

प्रवासी होडीचा व्यवसाय हा मासेमारीस व बागायतीस जोडधंदा म्हणून चांगला आहे. त्यावरच सर्वस्वी अवलंबून राहणे शहाणपणाचे नाही, कारण वर्षातून तीन महिने तो बंदच असतो. मोठी यंत्रे व वेग यांत भांडवल गुंतविण्यापूर्वी वेंगुर्ल्याजवळील मांडवी खाडीचे उदाहरण पाहावे. तेथे महिलांच्या एका बचत गटाने २०१७ पासून वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली. होडी महिला स्वतः चालवितात आणि झाडे, खेकडे, पक्षी यांची माहितीही त्याच देतात. इंधनाचा खर्च नाही, काठाची धूप नाही, आणि लोक ऐकण्यासाठी पैसे देतात असा अनुभव आहे. शासनाच्या कांदळवन कक्षामार्फत अशा गटांस प्रशिक्षण व साहाय्य मिळण्याची सोय आहे. इच्छुकांनी तेथे चौकशी करावी. घरच्या माडाचे शहाळे, कोकमाचे सरबत, काजू व भाकरी-उसळीची न्याहारी यांची जोड दिल्यास होडीच्या फेऱ्या न वाढविताही उत्पन्न वाढते.

रेल्वेने येणाऱ्यांनी कोकण रेल्वेच्या कुडाळ स्थानकावर उतरावे. तेथून मालवण सुमारे ३० किलोमीटर असून एस. टी.ची सोय आहे. मालवणहून तारकर्ली सातआठ किलोमीटर व देवबाग त्याच्या पुढे आहे. शनिवार, रविवार व नाताळचा आठवडा टाळून मधल्या वारी आल्यास होडीही निवांत मिळते आणि नाखवास प्रश्नांची उत्तरे देण्यास सवड असते.